ख्रिस्ती कौटुंबिक श्राव्यमालिका वर्षानुवर्षं चालवायची तर: पात्रांच्या वहीपासून शेवटच्या फाइलपर्यंत

पहिले चार भाग उत्साहावर निघतात. मंडळीतले (चर्चमधले) तरुण हौसेने येतात, शब्बाथ शाळेची (रविवारच्या बायबल वर्गाची) लेकरं संवाद पाठ करून येतात, पाळकसाहेब प्रार्थना करून सुरुवात करून देतात. पाचव्या भागाला नायकाचं काम करणाऱ्या पोराची घटक चाचणी निघते, आजीचं काम करणाऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला लातूरला जातात, आणि दुसऱ्या भागात थोरली असलेली बहीण सहाव्या भागात धाकटी होऊन बसते. मालिका बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच, पैशाअभावी नाही. म्हणून खालचं सगळं पन्नासावा भाग गृहीत धरून लिहिलं आहे. साधनं मात्र जालना, परभणी, बीड, नांदेडकडच्या एखाद्या मंडळीला जमतील तेवढीच धरली आहेत.

आधी साचा ठरवा

दोन साचे आहेत. शिकागोच्या पॅसिफिक गार्डन मिशनची ‘अनशॅकल्ड’ ही रेडिओमालिका 1950 पासून चालू आहे. तिच्यात प्रत्येक भागात नव्या माणसाची साक्ष असते, त्यामुळे मागच्या भागाशी मेळ घालायची कटकट नाही. दुसरा साचा म्हणजे एकच गाव आणि तीच माणसं. फोकस ऑन द फॅमिली या अमेरिकी संस्थेची ‘ॲडव्हेंचर्स इन ओडिसी’ 1987 पासून याच साच्यावर चालते. लेकरांना दुसरा साचा धरून ठेवतो, कारण त्यांना माणसं ओळखीची हवी असतात. पण त्यात अडचणही तिथेच आहे. त्या मालिकेतल्या मुख्य वडीलधाऱ्या पात्राला आवाज देणारे हॅल स्मिथ 1994 मध्ये वारले. पात्र परगावी गेलेलं दाखवावं लागलं आणि 1996 मध्ये ते पॉल हर्लिंगर यांच्या आवाजात परत आलं. यातून घ्यायचं ते एवढंच की कुठलंही पात्र महिना-दोन महिने बाहेरगावी जाऊ शकेल, असं कारण कथेत पहिल्यापासून पेरून ठेवा. बाबा ट्रकवर आहेत, मामा पुण्याला कंपनीत आहे, आबा अधूनमधून थोरल्या लेकाकडे जातात. आपल्याकडे हे खोटं वाटत नाही.

वही

दोनशे पानी एक वही, किंवा सगळ्यांना उघडता येईल अशी एकच फाइल. प्रत्येक पात्राला दोन पानं: जन्मवर्ष, इयत्ता, नातं, कोण कोणाला काय हाक मारतं, कशाला घाबरतं, कुठला शब्द वारंवार तोंडात येतो. घराचा नकाशा काढा. दार कुठल्या बाजूला, स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत किती पावलं, हापसा किती लांब. कान हे सगळं लक्षात ठेवतो. तिसऱ्या भागात लोखंडी फाटक करकरलं असेल तर तिसाव्या भागात ते लाकडी दारासारखं वाजून चालत नाही.

गाव काल्पनिक ठेवा, पण जिल्हा खरा. ‘अंबडच्या अलीकडे’ म्हणायला हरकत नाही. खऱ्या गावातल्या खऱ्या मंडळीचं नाव घेतलं की चौथ्या भागातला लबाड पंच आपणच, असं कुणाला तरी वाटणारच.

वयाचा निर्णय सगळ्यात नाजूक. पात्रं गोठलेल्या वयाची ठेवायची की खऱ्या काळाबरोबर वाढू द्यायची? गोठवलं तर दर दोन वर्षांनी नवा बालकलाकार लागतो, कारण मुलांचा आवाज साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान फुटतो, आणि फुटताना सहा-सात महिने तो कशाशीच जुळत नाही. आमचं मत वाढू देण्याच्या बाजूने आहे. समजा मालिकेतल्या शमू नावाच्या पोराचा आवाज घोगरा झाला, तर त्याच्यावरच एक भाग लिहा. वय गोठवायचंच असेल, तर नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं काम पातळ आवाजाच्या मोठ्या मुलीकडून करून घ्या, ते पात्र चार-पाच वर्षं निर्धास्त चालतं. श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही.

गोष्ट कशी बांधायची

एका भागाची लांबी 20 ते 22 मिनिटं ठेवा. मराठी संवाद मिनिटाला 120 ते 130 शब्दांच्या चालीने जातात. शीर्षकसंगीत, शांतता आणि आवाजांना चारेक मिनिटं सोडली तर लेखन 1900 ते 2300 शब्दांचं व्हायला हवं. तीन हजार शब्द लिहून ‘भरभर म्हणू’ असं ठरवलं की लेकरं श्वास गिळतात.

विषय घरातला घ्या. दहावीच्या परीक्षेत खिडकीतून आलेली चिठ्ठी, बियाण्याच्या पैशातून घेतलेला मोबाइल, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहिलेली भावंडं, टँकरच्या रांगेत घेतलेला जास्तीचा हंडा. अशा गोष्टीत पाप, क्षमा, भरपाई हे सगळं आपोआप येतं, वरून चिकटवावं लागत नाही.

नवख्या लेखकाच्या हातून हमखास तीन गोष्टी होतात. बायबलचं वचन दुसऱ्याच प्रसंगात येतं आणि पुढची पंधरा मिनिटं फक्त त्याची वाट बघण्यात जातात. वचन एकदाच आणि गोष्टीच्या शेवटच्या एक-तृतीयांशात येऊ द्या. दुसरं, आबा सगळं जाणतात. आबांना वर्षातून दोनदा तरी चुकू द्या आणि नातवापुढे माफी मागू द्या. उपदेशाच्या दहा पानांपेक्षा हे जास्त पोहोचतं. तिसरं, प्रार्थना झाली की पाऊस पडतो. एखाद्या वेळी पडू दे, पण पाऊस न पडलेल्या वर्षाचाही भाग लिहा. आपल्या भागातल्या श्रोत्याला दुष्काळ शिकवावा लागत नाही. खोटा पाऊस तो लगेच ओळखतो.

शेजारपाजार खरा ठेवा. शेजारी हिंदू, मुसलमान, बौद्ध असतीलच. त्यांना केवळ हरवण्यासाठी किंवा पालटण्यासाठी आणू नका. शेजारच्या चाचींनी ईदला पाठवलेला शीरखुर्मा आणि इकडून नाताळात गेलेल्या करंज्या, एवढ्याने घर खरं होतं.

श्राव्य लिखाणाचा खरा कस वस्तू दाखवण्यात लागतो. ‘अरे शमू, तू हातात निळा हंडा घेऊन टँकरच्या रांगेत का उभा आहेस?’ असं कोणी बोलत नाही. तोच प्रसंग असा लिहा:

(टँकरचं इंजिन. पाइपचं पाणी हंड्यात पडतंय, हंडा भरत येईल तसा सूर चढतोय.)
रूथ: शम्या! दुसरा हंडा कामून लावायलास?
शमू: (दबक्या आवाजात) गप की. कुणी बघंना.
रूथ: सांडायलंय ते!
(पाणी दगडावर. हंडा ओढल्याचा आवाज.)
म्हातारी: (लांबून) माझा नंबर आला का रं, लेकरा?
(शमू बोलत नाही. पाण्याची धार बारीक होते, थांबते.)

रंग सांगितला नाही, रांग सांगितली नाही, तरी प्रसंग दिसतो. शमूचं गप्प राहणं हा इथला सगळ्यात महत्त्वाचा संवाद आहे. दिग्दर्शकाने तिथे पूर्ण दोन सेकंद सोडायची.

बोली

एका घराची एकच बोली असावी. लातूर-नांदेडकडचा कलाकार ‘करायलो’ म्हणतो, जालना-संभाजीनगरकडचा ‘करू रायलो’. सख्खे भाऊ असे वेगवेगळे बोलले की घर मोडतं. वहीत पंचवीस-तीस रूपं लिहून ठेवा: कामून, कव्हा, लई, नगं, इथं-तिथं. सून दुसऱ्या जिल्ह्यातली दाखवली तर तिची बोली वेगळी चालते, उलट त्यातून दोन गमती मिळतात. बोली फक्त गड्याच्या आणि म्हातारीच्या तोंडी घालून बाकी सगळे पुस्तकी बोलणार असतील, तर सरळ सगळेच साधं बोला. प्रार्थनेची भाषा मात्र आपसूक थोडी जड होते. घरोघरी तशीच असते, तिला हात लावू नका.

खोली आणि माइक

मंदिराचा (चर्चचा) सभामंडप रेकॉर्डिंगला सगळ्यात वाईट जागा. उंच छत, उघड्या भिंती, वर पत्रा. टाळी वाजवून बघा. टाळीनंतर झणझण ऐकू आली तर ती प्रत्येक संवादाच्या मागे येणार, आणि नंतर काढता येणार नाही. दहा बाय बाराची, सामानाने भरलेली झोपायची खोली घ्या. तीन बाजूंना गाद्या उभ्या करा, त्यांच्यावर गोधड्या टाका आणि भिंतीपासून चार-सहा बोटं अंतर सोडा. नुसते पडदे किंवा चादरी लावल्या तर फक्त वरचे तीक्ष्ण सूर कमी होतात, घुमणारा खर्ज तसाच राहतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. जाडी लागते ती त्यासाठी. वेचलेल्या कापसाने भरलेली खोली स्टुडिओइतकी मुकी असते हे खरं, पण तंतूंनी अर्ध्या तासात सगळे खोकायला लागतात.

अशा खोलीत डायनॅमिक माइक बरा. तो जवळचं घेतो, लांबचं सोडतो. कंडेन्सर माइक स्वच्छ असतो, पण त्याला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या तारेतूनच जाणारी वीज) लागतो आणि तो शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही तितक्याच स्वच्छ टिपतो. दोन माइक आणि दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) एवढ्यात काम होतं. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. पातळी अशी ठेवा की साधं बोलणं उणे 18 डेसिबलच्या आसपास आणि ओरडणं उणे 6 च्या आत राहील.

तोंड माइकपासून एक वीत. माइक नाकासमोर नको, थोडा तिरपा ठेवा, कारण मराठीत भ, फ, ख, थ, ध सारखे येतात आणि त्यांचा वारा थेट पडद्यावर आदळला की ‘भाकर’ म्हणताना फट्ट वाजतं. लांबून बोलणाऱ्या पात्राला खरंच पाच फूट मागे उभं करून तोंड वळवायला सांगा. नंतर आवाज कमी करून लांबपणा येत नाही.

यंत्राची घरघर वेगळीच भानगड. आपल्या विजेचा गुणगुणाट 50 आणि 100 हर्ट्झवर असतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, फ्रिज बंद करा (त्यात गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही), इन्व्हर्टर दोन खोल्या पलीकडे, फोन सगळे विमान मोडवर.

कलाकार आणि रेकॉर्डिंगचा दिवस

मराठवाड्यात रेकॉर्डिंगचं वेळापत्रक शेताला विचारून करावं लागतं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, पुढे कापसाची वेचणी, दिवाळीपासून ऊसतोडीची घरं रिकामी, डिसेंबर नाताळाचा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार आणि पंखा लावता येत नाही. पावसाळ्यात पत्रा आणि रातकिडे. रातकिड्यांचा त्रास असा की दोन वाक्यं जोडली की मागचा किर्रर्र आवाज उडी मारतो. हाती राहतो तो नाताळानंतरचा जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा, बोर्डाच्या परीक्षांपूर्वी. या काळात सहा ते आठ भागांचं रेकॉर्डिंग उरकून घ्या. दुसरी फेरी घ्यायचीच झाली तर पावसाची उघडीप बघून, जुलै-ऑगस्टच्या रविवारी दुपारी, उपासना आणि जेवण आटोपल्यावर. सहा भाग पूर्ण तयार झाल्याशिवाय पहिला भाग सोडू नका. हा साठा संपला की मालिका दर आठवड्याला श्वास रोखून चालते.

बावीस मिनिटांच्या भागाला सुमारे तीन तास लागतात. रेकॉर्डिंगआधी दोन-तीन दिवस सगळ्यांनी एकत्र बसून वाचन करायचं आणि जीभ अडते ती वाक्यं तिथेच बदलायची. संहिता 16 च्या टंकात, कागदाच्या एकाच बाजूला, पिन न मारता. पान उलटायचं नाही, उचलून बाजूला ठेवायचं. सगळे उभे राहूनच बोलतील, कारण बसलं की पोट दबतं.

लेकरांना एका वेळी दीड तासापेक्षा जास्त थांबवू नका. ज्यांना वाचायला अडतं त्यांना वाक्य तोडून द्या, पण आपल्या सुरात म्हणून दाखवू नका. ती हुबेहूब तुमची नक्कल करतील आणि आठ वर्षांची पोर चाळीस वर्षांच्या बाईसारखी बोलेल. त्याऐवजी परिस्थिती सांगा: ‘हंडा चोरलाय, आजी बघतेय, आता बोल.’ एका प्रसंगातल्या माणसांना शक्यतो एकत्रच उभं करा. भांडण आणि हसू वेगवेगळं रेकॉर्ड केलं की कोरडं पडतं. धावत बोलायचं असेल तर अनवाणी गादीवर जागच्या जागी धावायला लावा. खाताना बोलायचं असेल तर काकडीचा तुकडा द्या. भाकरीचा कोरडा घास घशात अडकतो आणि रेकॉर्डिंग खोकल्यावर थांबतं.

निघण्याआधी दोन कामं. एक, खोलीतल्या नुसत्या शांततेचं मिनिटभर रेकॉर्डिंग, कोणीही न हलता. जोडकाम करताना भेगा याच शांततेने बुजवतात. दोन, प्रत्येक कलाकाराकडून ‘हं’, ‘अय्या’, उसासा, हसू, दम लागणं, झोपेतली कुरकुर. दहा भागांनंतर हा साठा सोन्याचा होतो.

आवाजांची खोली

वातावरणाचे आवाज खऱ्या जागी जाऊन आणा: मोंढा, परभणी जंक्शन, एसटी स्टँड, रात्रीची विहीर. प्रत्येक ठिकाणी किमान पाच मिनिटं. वीस सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवला तर तोच कावळा दर वीस सेकंदांनी ओरडतो आणि लेकरं कावळे मोजायला लागतात. ऋतू सांभाळा. पावशा आणि कोकिळा उन्हाळ्याच्या आणि पावसाच्या तोंडावरचे पक्षी. ते नाताळाच्या भागात बोलले की गावाकडचा श्रोता हसतो.

हालचालींचे आवाज मात्र खोलीतच, चित्रपटातल्यासारखे वेगळे करून. शहाबादी फरशीचा एक तुकडा, मातीची पाटी आणि ज्वारीचा वाळका कडबा, एवढ्यावर घर, अंगण आणि शेत तिन्ही ठिकाणची पावलं होतात. सुपावर ज्वारी सांडली की पाऊस. कुरकुरीत प्लास्टिकची पिशवी हळू चुरगाळली की चूल. नारळाच्या करवंट्या मातीवर म्हणजे घोडा, आणि बेथलेहेमचं गाढव हवं असेल तर त्याच करवंट्यांना आतून फडकं.

भाकरीचा आवाज मात्र खराच घ्या, त्याला तोड नाही. स्टीलची परात घणघणते म्हणून तिच्याखाली ओला टॉवेल चौघडी करून ठेवा. काठवट मिळाली तर उत्तमच. माइक परातीच्या काठापासून हातभर आणि थोडा वर, म्हणजे पीठ उडत नाही. आधी नुसतं थापणं दोन मिनिटं, चुलीविना. मग रिकाम्या तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा चर्र आवाज. मग जाळ वेगळा. तिन्ही एकदम घेतले तर पुढे कधीच सुटे करता येत नाहीत आणि आईचं बोलणं वाढवलं की जाळही वाढतो. बांगड्यांचा किणकिणाट थापताना असू द्या. आई काहीही न बोलता स्वयंपाकघरात आहे हे त्यावरून कळतं. संवाद म्हणताना मात्र त्या बाईंना बांगड्या वर सरकवून रुमाल बांधायला सांगा.

जोडकाम

संगणकावर आवाज जोडायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, रीपर स्वस्तात मिळतं. दोन्हींपैकी कुठलंही चालेल. क्रम मात्र मोडू नका. आधी फक्त संवाद लावून पूर्ण भाग ऐका. नुसत्या संवादांवर गोष्ट कळत नसेल तर संगीताने कळणार नाही. मग खर्ज कापा: मोठ्यांसाठी 80 हर्ट्झच्या खाली, लेकरांसाठी 100 ते 120. घरघर काढायची तर 6 ते 10 डेसिबलपर्यंतच. त्यापुढे गेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. वातावरण संवादापेक्षा 18 ते 25 डेसिबल खाली. फोनवरचं बोलणं दाखवायला 300 ते 3400 हर्ट्झ ठेवून बाकीचं कापा. संवादाखाली संगीत शक्यतो नकोच. रडण्याच्या प्रसंगात तर नकोच नको.

शेवटी एकूण आवाज स्टिरिओ फाइलला उणे 16 एलयूएफएस (आवाज कानाला सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप), मोनोला उणे 19, शिखर उणे 1 च्या आत. तयार भाग महागड्या हेडफोनवर नाही, स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. त्यात खालचे सूर जवळजवळ निघतच नाहीत. ट्रॅक्टर गायब झाला असेल तर त्याचा पत्र्याचा खडखडाट वाढवा, इंजिनाचा खर्ज नाही. नवख्या माणसाला या सगळ्याला भागामागे बारा ते पंधरा तास लागतात. हे काम दोघांना येत असलंच पाहिजे.

हक्क आणि परवानगी

आपल्या भजनांचे कवी नारायण वामन टिळक 1919 मध्ये वारले. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंतच हक्क राहतो, म्हणून त्यांचे शब्द मुक्त आहेत. मात्र कोणीतरी गायलेलं रेकॉर्डिंग आणि अलीकडे बांधलेली चाल मुक्त नाही. आपल्याच मंडळीकडून पेटी-तबल्यावर गाऊन घ्या. बायबलच्या भाषांतरांनाही हाच नियम लागतो. पंडिता रमाबाई 1922 मध्ये गेल्या, त्यांचं भाषांतर मुक्त. आजच्या भाषांतरातला उतारा वाचायचा तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, किंवा आबांना ते आपल्या शब्दांत सांगू द्या. गोष्टीच्या दृष्टीनेही तेच बरं.

प्रत्येक बालकलाकाराच्या आईवडिलांची सही असलेलं पत्र ठेवा. आवाज कुठे-कुठे वापरणार, मानधन की फक्त प्रवासखर्च, आणि मूल मध्येच सोडून जाऊ शकतं, हे तिन्ही त्यात लिहा. प्रसिद्धीत लेकरांचं आडनाव आणि गाव देऊ नका.

पोहोचवणं आणि जपणं

64 केबीपीएस मोनो एमपी3 केली तर बावीस मिनिटांचा भाग साडेदहा एमबीच्या आसपास येतो आणि कमी रेंजच्या गावातही व्हॉट्सॲपवर उतरतो. शब्बाथ शाळेसाठी पेनड्राइव्हवर सगळे भाग द्या, फाइलच्या नावाच्या सुरुवातीला 001, 002 असे आकडे टाकून. नाहीतर ब्लूटूथ स्पीकर दहावा भाग दुसऱ्याच्या आधी वाजवतो. ठरलेला वार मोडू नका. पंधरा दिवसांनी एक भाग चालेल, पण तो त्याच दिवशी.

कच्चं रेकॉर्डिंग फेकू नका. एका माइकचं तीन तासांचं काम दीड जीबीच्या आसपास भरतं, दोन माइकचं तीन. वर्षाचे चोवीस भाग शंभर जीबीत सहज बसतात. तीन प्रती ठेवा: एक संपादकाकडे, एक मंडळीच्या कपाटात, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक भागाच्या फोल्डरमध्ये संहिता, सह्यांची पत्रं, वापरलेल्या आवाजांची यादी आणि संगीताशिवायचा मिश्र संवाद वेगळा असावा, म्हणजे पुढे एखाद्या गाण्यावर आक्षेप आला तर अख्खा भाग मोडावा लागत नाही. वर्षातून एकदा तिन्ही डिस्क जोडून प्रत्येकीतल्या दोन-चार फाइल उघडून बघा. आणि डिस्क पाळकसाहेबांच्या घरी असेल तर त्यांच्या बदलीचं सामान बांधण्याआधी ती मागून घ्या.